चेन रेस्टॉरंटमध्ये ग्लुटेन-फ्री पास्ता: आधी पाण्याचं विचारा

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला इजा करतं, हे कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरचं जेवण महिन्याभरात मार्गी लागलं. पोळीच्या जागी भाकरी आली, शिऱ्यासाठी वरी आणि तांदळाचा रवा आला, नाचणीचं सत्त्व पुन्हा घरात आलं. एका हिंगाने तेवढं फसवलं. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला तिसऱ्या महिन्यात लेबल वाचताना कळलं. तोवर रोजच्या वरणातून ते तिच्या पोटात जात होतं.

खरी अडचण घराबाहेर होती. सॉकर टीमचं सीझन संपल्यावरचं जेवण, वर्गातल्या मैत्रिणीचा वाढदिवस, ऑफिसातली पार्टी, लांबच्या प्रवासात हायवेवर थांबणं. इथे अशा वेळी दहापैकी पाच-सहा वेळा लोक इटालियन चेन रेस्टॉरंटमध्येच जातात. सगळी मुलं पास्ता खात असताना आपलं मूल डब्यातला भात खातंय, हे चित्र एकदा पाहिलं की परत पाहवत नाही. म्हणून गेली चार वर्षं मी हे शिकत आले. नुकतंच निदान झालेल्या कुटुंबांसाठी ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही, गहू सोडून फक्त बरं वाटतं, त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. गव्हाची खरी अ‍ॅलर्जी, म्हणजे घसा सुजणं, श्वास कोंडणं, हा वेगळा आजार आहे. त्यासाठी एपिनेफ्रिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं. त्याचे नियम तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

पहिली पायरी: किती कमी म्हणजे कमी, हे डोक्यात पक्कं करा

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरच्या मखमलीसारख्या बारीक लोंबी झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, आयुष्यभर पथ्य हाच उपचार. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो.

पथ्य किती काटेकोर हवं? २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पथ्यावर असलेल्या सिलिअ‍ॅक रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर तेवढ्यानेही आतड्याला इजा होताना दिसली. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये २ ग्रॅमहून जास्त ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा चाळिसावा भागही नाही. चिमटीत येणारा चुरा. माझ्या सासूबाई इथे आल्या की मायेने म्हणायच्या, "अगं, एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" मी एक दिवस त्यांच्यासमोर ताटात ब्रेडचा तेवढा चुरा ठेवला आणि म्हटलं, "आई, हे एवढंसं." त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानंतर नातीच्या डब्याला वेगळा चमचा त्याच काढून ठेवतात.

दुसरी पायरी: मेन्यूवरचे शब्द नीट वाचा

अमेरिकेत एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये 'ग्लुटेन-फ्री' या शब्दाची व्याख्या ठरवली: दहा लाख भागांत २० पेक्षा कमी भाग, म्हणजे २० पीपीएम. सोप्या हिशोबाने एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी. ऑगस्ट २०१४ पासून पाकिटबंद पदार्थांना ती बंधनकारक झाली. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मात्र मोजायला कुणी येत नाही. म्हणूनच मोठ्या चेन्सच्या मेन्यूवर तुम्हाला 'ग्लुटेन-सेन्सिटिव्ह', 'ग्लुटेन-फ्रेंडली' असले शब्द दिसतील. त्यांचा अर्थ: पदार्थात आम्ही गहू घातलेला नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात तो सगळीकडे उडत असतो आणि आम्ही हमी देत नाही. या शब्दांवर रागावू नका. ते प्रामाणिक आहेत. ते वाचल्यावर तुमची चौकशी सुरू व्हायला हवी, एवढंच.

काही पदार्थांची नावंही फसवतात. ओर्झो तांदळासारखा दिसतो, पण तो गव्हाचा पास्ता आहे. कुसकुस हा रव्याचाच प्रकार. फारो म्हणजे गव्हाचाच एक जुना भाऊ. सेमोलिना म्हणजे आपला रवा. ञोक्की बटाट्याची असते म्हणून लोक निर्धास्त होतात, पण ती बांधायला बहुतेक वेळा मैदाच घालतात.

तिसरी पायरी: पाणी

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. चेन रेस्टॉरंटमधला ग्लुटेन-फ्री पास्ता सहसा चांगल्या कंपनीचा असतो. मका आणि तांदळाचा, कधी चण्याचा किंवा ब्राऊन राईसचा. पाकिटातून निघाला तेव्हा तो शुद्धच असतो. बिघडतो तो भांड्यात.

काही वर्षांपूर्वी एका रेस्टॉरंटमध्ये आम्हाला उघड्या स्वयंपाकघराला लागून टेबल मिळालं. तिथे पास्ता शिजवायचं यंत्र समोरच दिसत होतं. स्टीलची चौकोनी खोल टाकी, त्यात उकळतं पाणी, आणि दांड्याच्या जाळीदार टोपल्या आत सोडलेल्या. आचारी एक टोपली उचलायचा, झटकायचा, तव्यात पालथी करायचा, आणि त्याच टोपलीत पुढचा पास्ता टाकायचा. पाणी पेजेसारखं दाट आणि पांढुरकं झालं होतं, कडेला फेसाचा थर. ते पाणी दुपारपासूनचं असणार. गव्हाच्या पास्त्याचे कितीतरी घाणे त्यात होऊन गेले असतील. आणि आमच्या डोळ्यांदेखत माझ्या मुलीची ग्लुटेन-फ्री पेने, म्हणजे नळीच्या आकाराचा पास्ता, त्याच टाकीत गेली. मी उठून काउंटरपाशी गेले. आचाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी वेगळ्या पाकिटातला पास्ता घेतला की काम झालं होतं.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात साधा पास्ता शिजवलेल्या पाण्यात ग्लुटेन-फ्री पास्ता शिजवून पाहिला. त्यात ग्लुटेन २० पीपीएमच्या वर गेलं. तोच पास्ता नळाखाली धुतल्यावर ते खाली आलं. पण तुमच्या ताटातला पास्ता कुणी धुतला होता का, हे तुम्हाला कळणार नाही, आणि टाकीतलं पाणी एका घाण्याचं नसून दिवसभराचं असतं. त्यामुळे धुण्यावर भिस्त ठेवू नका.

त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेत आणखी एक अभ्यास आला होता. खिशात मावणाऱ्या ग्लुटेन तपासणी यंत्राने ८०४ लोकांनी रेस्टॉरंटमध्ये केलेल्या ५,६२४ चाचण्यांचे निकाल त्यात होते. ग्लुटेन-फ्री म्हणून दिलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लुटेन सापडलं. पास्त्यात ते प्रमाण ५०.८ टक्के होतं. हा आकडा वाचून घाबरू नका. ते यंत्र २० पीपीएमच्या खालचं ग्लुटेनही पकडतं, आणि लोक शंका येईल तेच जास्त तपासतात. पण सॅलड, भात, ग्रिल केलेलं चिकन यांच्यापेक्षा पास्ता आणि पिझ्झा जास्त जोखमीचे आहेत, एवढं त्यातून नक्की कळतं.

म्हणून विचारायचा प्रश्न हा: ग्लुटेन-फ्री पास्ता ताज्या पाण्यात, वेगळ्या स्वच्छ भांड्यात शिजवता का, आणि गाळायला वेगळी चाळणी वापरता का? तीनही हवं. भांडं वेगळं आणि चाळणी तीच, असं फार वेळा होतं, आणि चाळणीच्या भोकांत अडकलेला चिकटा घासून निघत नाही. काही चेन्स एका माणसापुरता पास्ता बंद पाकिटातच गरम करून देतात. चवीला तो थोडा मऊ लागतो, पण आमच्यासारख्यांना तोच सगळ्यांत बरा.

चौथी पायरी: चेन निवडा, मग शाखा निवडा

ऑलिव्ह गार्डन ही इटालियन चेन देशभर नऊशेच्या आसपास ठिकाणी आहे, त्यामुळे पाहुण्यांबरोबर कधी ना कधी तिथे जाणं होतंच. त्यांच्याकडे ग्लुटेन-फ्री रोटिनी मिळते, म्हणजे पीळ दिलेला पास्ता. मॅजियानोज लिटल इटली या चेनमध्येही ग्लुटेन-फ्री पास्ता मिळतो. तिथे अ‍ॅलर्जी सांगितली की शेफला टेबलावर बोलावण्याची पद्धत आहे, आणि मला ती फार आवडते. ज्याच्या हातात भांडं आहे त्याच्याशीच बोलता येतं. मेन्यू बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यातच चेनच्या वेबसाइटवरची अ‍ॅलर्जी माहिती उघडून पाहा.

चेनचं नाव एक असलं तरी प्रत्येक शाखेचं स्वयंपाकघर वेगळं असतं. आमच्या घराजवळच्या शाखेत मॅनेजर स्वतः येऊन सांगते की वेगळं भांडं लावलंय. त्याच चेनच्या दुसऱ्या शाखेत मला "बहुतेक" असं उत्तर मिळालं. "बहुतेक" ऐकलं की आम्ही पास्ता सोडून देतो आणि ग्रिल केलेलं काही घेतो, किंवा उठतो.

शाखा शोधायला 'फाइंड मी ग्लुटेन फ्री' हे अ‍ॅप वापरा, पण त्यातले सिलिअ‍ॅक असलेल्यांनी लिहिलेलेच अनुभव वाचा. "पास्ता मस्त होता" या वाक्याचा आपल्याला उपयोग नाही. "वेगळं पाणी वापरलं, मॅनेजरने खात्री करून दिली" याचा आहे. ग्लुटेन इन्टॉलरन्स ग्रुप या संस्थेचं रेस्टॉरंटसाठीचं प्रमाणपत्र एखाद्या ठिकाणी असेल तर तिथे आधी जा, कारण तिथल्या लोकांना प्रशिक्षण दिलेलं असतं.

फोन दुपारी दोन ते साडेचारच्या मध्ये करा. त्या वेळी मॅनेजर मोकळा असतो. जेवायला जायचं तर संध्याकाळी पाचला, आठवड्याच्या मधल्या दिवशी. शुक्रवारी साडेसातला, मदर्स डेला किंवा ग्रॅज्युएशनच्या आठवड्यात सगळ्यांत चांगल्या स्वयंपाकघरातही चुका होतात. बाळाला दूध पाजायला घरी परतायचं असल्यासारखं आम्ही पाचला जाऊन साडेसहाला घरी असतो, आणि आता ते अंगवळणी पडलंय.

पाचवी पायरी: टेबलावर काय बोलायचं

वेटर आल्या आल्या, पाणी ठेवतानाच सांगा. ऑर्डर देताना शेवटी सांगितलं तर ते चिठ्ठीच्या तळाशी जातं. नवीन आलेल्या आजी-आजोबांनासुद्धा पाठ होईल असं वाक्य मी करून ठेवलंय: "माय ग्रँडडॉटर हॅज सिलिअ‍ॅक डिसीज. प्लीज मार्क इट अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅलर्जी." सिलिअ‍ॅक ही तांत्रिकदृष्ट्या अ‍ॅलर्जी नाही, हे मला माहीत आहे. पण रेस्टॉरंटच्या कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅलर्जीचं बटण असतं, ते दाबलं की आतल्या पावतीवर ठळक अक्षरांत छापून येतं आणि हातमोजे बदलण्यापासूनची सगळी शिस्त सुरू होते. नुसतं 'ग्लुटेन-फ्री' म्हटलं तर ती आवडनिवड समजली जाऊ शकते.

मग विचारा: "फ्रेश वॉटर? क्लीन पॉट? सेपरेट स्ट्रेनर?" आणि थांबा. वेटरला आत जाऊन विचारू द्या. जागेवरच फटकन "येस येस" म्हणाला तर हसून म्हणा, "कुड यू प्लीज चेक विथ द किचन?" आपल्याकडच्या बायकांना इथे संकोच होतो, मलाही व्हायचा. दहा जणांच्या टेबलावर आपल्यामुळे खोळंबा होतोय असं वाटतं. त्यावर मी एकच केलं: सगळ्यांच्या आधी पाच मिनिटं पोचायचं आणि सगळं बोलून ठेवायचं. मंडळी येईपर्यंत आपली ऑर्डर आतसुद्धा गेलेली असते.

सहावी पायरी: पास्त्याच्या भोवतीचं सगळं

सॉसमध्ये साधा टोमॅटोचा मरिनारा सगळ्यांत सुरक्षित. पांढरे दाट सॉस काही ठिकाणी मैद्याने घट्ट केलेले असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. मीटबॉलमध्ये जवळजवळ नेहमीच ब्रेडचा चुरा असतो. चिकन हवं तर ब्रेडिंग, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण, नसलेलं, आणि ते कुठल्या तव्यावर भाजतात तेही विचारा. त्याच तव्यावर बन शेकले असतील तर नको. फ्राइज एकाच तेलात तळलेल्या असतील तर त्याही नकोत. बटाटा निष्पाप असतो, तेल नसतं.

सॅलडची वाटी सगळ्या टेबलाला मिळून येत असेल तर आपल्या मुलासाठी वेगळी मागा, 'क्रूटॉन (ब्रेडचे कुरकुरीत तुकडे) घालूच नका' असं सांगून. आलेल्या वाटीतून क्रूटॉन वेचून काढणं म्हणजे पिठाच्या डब्यातून मूठभर पीठ काढून डबा स्वच्छ झाला म्हणण्यासारखं आहे. ब्रेडस्टिकची टोपली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. शेजारी बसलेल्याला प्रेमाने सांगा की ब्रेड हातात घेऊन आमच्या ताटावरून हात नेऊ नकोस.

सातवी पायरी: ताट समोर आलं की

ताट ठेवताना वेटरने स्वतःहून "ग्लुटेन-फ्री" म्हटलं नाही तर तुम्ही विचारा, आणि उत्तर ऐकल्याशिवाय मुलाला काटा उचलू देऊ नका. आकार पाहा. टेबलावरच्या बाकीच्यांनी पट्ट्यांसारखी फेटुचिनी किंवा शेवयांसारखी स्पॅगेटी मागवली असेल आणि आपल्या ताटात पीळवाला पास्ता असेल तर अदलाबदल लगेच लक्षात येते. म्हणूनच आम्ही भावाबहिणींना मुद्दाम वेगळ्या आकाराचा पास्ता घ्यायला सांगतो.

ग्लुटेन-फ्री पास्त्याला गव्हाचा चिवटपणा नसतो. जास्त शिजला की मोडतो, थंड झाला की कडक होतो, म्हणून गरम असतानाच खायला हवा. शिजायलाही थोडा जास्त वेळ लागतो, कारण वेगळं पाणी उकळायला ठेवावं लागतं. तुमचा पास्ता इतरांच्या आधी आला तर आनंद मानण्याआधी पुन्हा एकदा पाण्याचं विचारा. बऱ्याच ठिकाणी वरचे काही डॉलर लागतात. ते द्यावेत, आणि टिपही मोकळ्या हाताने द्यावी. ज्या वेटरने आपल्यासाठी तीन फेऱ्या मारल्या त्याला पुढच्या वेळी आपला चेहरा आठवायला हवा.

चूक झाली तर

क्रूटॉन पडलेलं सॅलड आलं, किंवा चुकीचा पास्ता आला, तर ताट परत करताना शांतपणे म्हणा की नवीन बनवून हवंय. एका अनुभवी आईने मला शिकवलेली युक्ती: नवीन ताट येईपर्यंत जुनं टेबलावरच ठेवा. नाहीतर आत नेऊन वरचा ब्रेड काढून तेच परत येऊ शकतं.

मुलाने खाल्लंच असेल तर उतारा असा काही नाही. पोटदुखी, उलट्या, जुलाब काही तासांत सुरू होऊ शकतात, काहींना दुसऱ्या दिवशी थकवा आणि चिडचिड येते, आणि काहींना काहीच जाणवत नाही. त्रास झाला नाही म्हणजे ग्लुटेन नव्हतं, असा अर्थ काढू नका. माझ्या मुलीला उलट्या होतात. आम्ही मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट देतो, दुसऱ्या दिवशी मऊ भात, तूप, थोडं लिंबाचं लोणचं. पाणीही पोटात टिकत नसेल, मूल सुस्तावलं असेल, लघवी कमी होत असेल तर डॉक्टरांकडे न्या.

इंग्लंडमध्ये किंवा युरोपात असाल तर थोडं सोपं आहे. तिथे रेस्टॉरंटने 'ग्लुटेन-फ्री' लिहिलं तर २० पीपीएमची मर्यादा कायद्याने त्यांनाही लागू होते, आणि पदार्थातल्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची माहिती मागितल्यावर द्यावीच लागते. कोएलिअ‍ॅक यूके ही संस्था रेस्टॉरंटना मान्यता देते, तिचं चिन्ह शोधा. इटलीत १९७९ पासूनची सिलिअ‍ॅक संघटना आहे, तिच्या यादीत हजारो खानावळी आहेत. पास्त्याच्या देशात सिलिअ‍ॅक असलेलं मूल अमेरिकेपेक्षा निवांत जेवतं, हे आम्ही रोममध्ये स्वतः पाहिलं. पाण्याचं मात्र तिथेही विचारलं.

घरी आल्यावर फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: कुठली शाखा, कुठला वार, काय खाल्लं, कुणाशी बोललो, रात्री पोट कसं होतं. आमच्याकडे अशा चाळीसेक नोंदी झाल्या आहेत. परवा मुलगी दहा वर्षांची झाली. वाढदिवसाला तिने स्वतःच जागा निवडली, स्वतःच वेटरला सांगितलं. तो आत जाऊन परत आला आणि म्हणाला, "फ्रेश वॉटर, चेक्ड." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, चाळणीचं राहिलं ना?"